बजेटची थैली आणि ग्रासमनचा नियम

२०१९ च्या जुलैत निर्मला सीतारामन ब्रीफकेसऐवजी लाल कापडाचं बासन घेऊन आल्या, तेव्हा ‘बजेट’ नकळत आपल्या मूळ अर्थाजवळ सरकलं. शब्दाचा अर्थच मुळी छोटी थैली. फ्रेंचमध्ये ‘बूज’ ही चामड्याची पिशवी, तर ‘बूझेत’ ही छोटी. त्यामागे लॅटिन ‘बुल्गा’. पण तोही रोमनांच्या घरचा नव्हे. गॉल (आजच्या फ्रान्सच्या भागातले) लोक कातडी पिशव्यांना बुल्गा म्हणतात, अशी नोंद फेस्टस या रोमन कोशकाराने करून ठेवली आहे. गॉल केल्टिक भाषा बोलत. त्याच कुळातल्या आयरिशमध्ये पोटाला आजही ‘बोलग’ म्हणतात. इंग्रजीतलं ‘बेली’ आणि लोहाराच्या भात्याचं ‘बेलोज’ हेही याच गोतावळ्यातले. भाषाशास्त्रज्ञ सगळ्यांचा मूळ धातू ‘भेल्घ्’ असा मांडतात, अर्थ फुगणे. हा धातू या भाषांच्या आणि संस्कृतच्याही समान पूर्वजभाषेतला.

संस्कृतात या धातूचे वंशज म्हणजे वेदीवर अंथरायचं गवत ‘बर्हिस्’ आणि उशी, म्हणजे ‘उपबर्हण’. ल चा र, ए चा अ आणि या घ् चा ह होणं हे संस्कृतचे नेहमीचे बदल. पण मग ‘भर्हिस्’ व्हायला हवं होतं. भ चा ब कसा झाला?

उत्तर १८६३ मध्ये हेर्मान ग्रासमन यांनी दिलं. हे श्टेटिन गावचे जर्मन शाळामास्तर. गणितातही मोठं काम केलेले आणि पुढे ऋग्वेदाचा कोश रचणारे. तोंडासमोर तळहात धरून ‘ब’ आणि ‘भ’ म्हणून पाहा: ‘भ’ला हवेचा झोत जाणवतो. असा झोत असलेले वर्ण म्हणजे महाप्राण, नसलेले अल्पप्राण. दोन महाप्राण लागोपाठच्या अक्षरांत आले, की पहिला आपला झोत सोडून देतो. म्हणून धधाति नव्हे, दधाति. भभूव नव्हे, बभूव. बर्हिस् मधला ह त्या काळी घ् सारखाच जोरकस महाप्राण होता, म्हणून आधीचा भ अल्पप्राण झाला.

खरी मजा ‘बुध्’ (जाणणे) या धातूमध्ये. मूळ ‘भुध्’, नियमाने बुध्. पण भविष्यकाळात पुढे ‘स्य’ आलं की ध् चा त् होतो, दुसरा महाप्राण उरतच नाही आणि पहिल्याचा गेलेला झोत परत येतो: भोत्स्यते! या रूपासाठी पाणिनीने ‘एकाचो बशो भष् झषन्तस्य स्ध्वोः’ हे सूत्र दिलंय. फरक एवढाच की पाणिनी ब चा भ करतो, ग्रासमन म्हणतात तो भ आधीपासूनच होता.

जगातले सगळे शब्द संस्कृतातूनच निघाले, असं सांगणारे मेसेज फिरवणाऱ्यांनी जरा या ‘बोलग’कडे पाहावं. त्यातला ग संस्कृतच्या ह पासून आलेला नाही. आयरिश आणि संस्कृत, दोघींची आई वेगळीच, आणि ती दोघींहून जुनी.

आवाजातलं साम्यही फसवतं. गोव्यात खिशाला ‘बोल्स’ म्हणतात. ऐकायला अगदी बुल्गाचा भाऊ! पण नातं शून्य. तो पोर्तुगीज ‘बोल्सो’, त्यामागे लॅटिन ‘बुर्सा’, आणि त्याच्याही मागे ग्रीक ‘बिर्सा’, म्हणजे कातडं. इंग्रजी ‘पर्स’ तिथलीच, आणि गुडघा सुजल्यावर डॉक्टर ‘बर्सायटिस’ म्हणतात त्यातली इवलीशी द्रवाची पिशवी, म्हणजे ‘बर्सा’, तीही तिथलीच.

आपला खिसा मात्र या दोन्ही घराण्यांतला नाही. तो फारसी ‘कीसा’, अरबी ‘कीस’. आणि बॅबिलोनच्या अक्कादी भाषेत ‘कीसु’ म्हणजे पैशांची थैली.