पय्योली ते सावरपाडा: ‘एक्सप्रेस’ या बिरुदामागची गोष्ट

नाशिककराला ‘एक्सप्रेस’ म्हटलं की आधी पंचवटी आठवते, मग गोदावरी. तिसरी आठवते ती रुळांवरून न धावणारी: ‘सावरपाडा एक्सप्रेस’ कविता राऊत. हे बिरुद मात्र मूळचं आपल्याकडचं नाही. ते केरळच्या किनाऱ्यावरून आलं. पी. टी. उषाला ‘पय्योली एक्सप्रेस’ म्हणायचे, आणि पुढे लहान गावातली मुलगी वेगात धावू लागली की तिच्या गावाला ‘एक्सप्रेस’ जोडायची सवयच लागली. आसामच्या हिमा दासची ‘धिंग एक्सप्रेस’ही त्यातलीच.

उषाचा जन्म २७ जून १९६४चा, कोझिकोड जिल्ह्यातला. १९७६ साली केरळ सरकारने कण्णूरला मुलींसाठी निवासी क्रीडा प्रशिक्षण सुरू केलं, त्यात तिची निवड झाली. तिथे तिला ओ. एम. नंबियार हे प्रशिक्षक भेटले, हवाई दलात नोकरी केलेले. उषाची कारकीर्द सांगताना पदकांचीच उजळणी होते. पण सरकारने वेळेवर दिलेलं एक वसतिगृह आणि मुलीची धाव ओळखणारा एक माणूस, हे दोन्ही नसतं तर पुढचं काही घडलं असतं असं मला वाटत नाही.

१९८०च्या मॉस्को ऑलिम्पिकला ती सोळा वर्षांची होती, पहिल्याच फेरीत बाद झाली. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत १०० आणि २०० मीटरमध्ये रौप्य मिळालं. मग आलं १९८४, लॉस एंजेलिस. महिलांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिम्पिकमध्ये प्रथमच होणार होती आणि नंबियार यांनी उषाला तिकडे वळवलं. दहा हर्डल्स, प्रत्येकाची उंची ७६.२ सेंटीमीटर, दोन हर्डल्समध्ये ३५ मीटर. एवढ्या अंतरात पावलं मोजून पडली नाहीत की पुढचं सगळं गणित बिघडतं. अंतिम फेरीत उषाने सुरुवात झकास केली होती, पण कुणाचा तरी फॉल्स स्टार्ट झाला, म्हणजे इशाऱ्याआधीच धाव घेतली गेली, आणि सगळ्यांना परत ब्लॉकवर यावं लागलं. दुसऱ्यांदा तशी उसळी बसली नाही. शेवटी रुमानियाची कोजोकारू ५५.४१ सेकंद, उषा ५५.४२. कांस्यपदक गेलं.

सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे किती? त्या वेगाने हिशेब केला तर जेमतेम सात सेंटीमीटर, आडवी धरलेली चार बोटं. टेपवर छाती वेळेवर झोकली असती तर, अशी हळहळ आपण चाळीस वर्षं करतोय. मला मात्र नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटतं: थोड्याच काळापूर्वी हाती घेतलेल्या प्रकारात ती जगात चौथी आली होती.

पुढच्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने पाच सुवर्णं आणि एक कांस्य जिंकलं. १९८६च्या सोल आशियाईत चार सुवर्णं, एक रौप्य. नंतर दुखापती, लग्न, पुनरागमन, आणि २००० साली निवृत्ती. २००२ साली तिने स्वतःची धावण्याची शाळा काढली, २०२२ साली ती राज्यसभेत गेली आणि भारतीय ऑलिम्पिक संघटनेची पहिली महिला अध्यक्षही झाली.

आता आपल्या गाडीकडे. सावरपाडा हा हरसूलकडचा आदिवासी पाडा. कविता तिथून निघाली आणि नाशिकला विजेंद्रसिंग यांच्या हाताखाली भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर घडली. म्हणजे इथेही एक मैदान आणि एक माणूस. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं. राष्ट्रकुलमध्ये ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याआधीचं भारताचं ट्रॅकवरचं वैयक्तिक पदक थेट १९५८ सालचं, मिल्खासिंगचं. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिला रौप्य मिळालं. खरं सांगायचं तर, ‘एक्सप्रेस’ हे नाव तिलाच जास्त शोभतं. उषाची शर्यत एका फेरीत संपायची, कविताच्या शर्यतीत पंचवीस फेऱ्या.

आणि ते ५५.४२? २ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझू आशियाई स्पर्धेत याच शर्यतीच्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, तमिळनाडूच्या विथ्या रामराजने टेप गाठली तेव्हा घड्याळ नेमकं त्याच आकड्यावर थांबलं. एकोणचाळीस वर्षांनी राष्ट्रीय विक्रमाची बरोबरी झाली, तोही मोडला नाहीच.