ओजिब्वे येते म्हणून डकोटा येणार नाही

"दोन्ही मिनेसोटातल्याच ना? मग एक शिकलं की दुसरी आपोआप येईल." ओजिब्वे आणि डकोटा या अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मूलनिवासींच्या भाषांबद्दल हे इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच काढते. तिथे राहणारी मराठी माणसंही असंच म्हणतात, तेव्हा जास्त वाईट वाटतं. मराठी आणि कन्नड शतकानुशतकं खेटून नांदल्या, एकमेकींचे शब्द घेतले, तरी कुळं वेगळी राहिली, हे आपल्याला ठाऊक असतं. इथेही तेच. ओजिब्वे अल्गोंक्वियन कुळातली, डकोटा सू कुळातली. ('सू' हे नाव डकोटांनी स्वतःला दिलेलं नाही. ते ओजिब्वेंच्या बाजूने फ्रेंचांमार्फत आलं. माणसांसाठी ते वापरलेलं मला आवडत नाही.) डकोटाची खरी बहीण लाकोटा: मित्र एकीत 'कोडा', दुसरीत 'कोला'.

उच्चार वेगळे, शब्द वेगळे, ते सरावाने जमतं. माणूस अडखळतो तो क्रियापदात, 'कोणी कोणाला' हे सांगताना.

ओजिब्वेत गीनविंद म्हणजे ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि नीनविंद म्हणजे त्याला वगळून 'आम्ही'. मराठी माणूस इथे लगेच मान डोलावतो. पण तो पहिला 'गी' पाहा. वाक्यात 'तू' कुठल्याही नात्याने आला, तरी पुढचा मान त्याचा. 'तू मला बघतोस' म्हणजे गिवाबम आणि 'मी तुला बघतो' म्हणजे गिवाबमिन. दोन्हींच्या तोंडाशी तोच 'गि'. बघणारा कोण, ते शेपटीवरून ओळखायचं. 'तू' नसेल तर 'मी' पुढे: निवाबमा, मी त्याला बघतो, निवाबमिग, तो मला बघतो.

डकोटात असा मानपान नाही. तिथे काम बघतात. ओवकिया, मी त्याला मदत करतो. ओमकिया, तो मला मदत करतो. करणारा मी 'व', ज्याच्या वाट्याला येतं तो मी 'म'. आणि 'मी चांगला आहे' हे मवाश्ते, इथेही 'म', कारण इथे मी काही करत नाही. 'मला ताप आहे', 'मला भूक लागली' म्हणणाऱ्यांना हे परकं वाटू नये. पण ओजिब्वे शिकून आलेला इथेही शेपटी चाचपत बसतो. म्हणून दोन्ही भाषांची रूपं शेजारी मांडणारे एकत्रित तक्ते मला मुळीच नकोत. दोन वह्या करा.

भाषा पुन्हा घराघरांत आणण्याचं कामही एका साच्याचं नाही. ओजिब्वे मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगनपासून ऑन्टारियो, मॅनिटोबापर्यंत पसरलेली. कॅनडात ती बोलणारे हजारो आहेत. डकोटांना अमेरिकन सरकारशी झालेल्या 1862च्या युद्धानंतर, 1863च्या कायद्याने, मिनेसोटातून हाकललं. कुटुंबं साउथ डकोटा, नेब्रास्का, कॅनडात विखुरली. मिनेसोटात आज लहानपणापासून डकोटा बोलणारी माणसं फारच थोडी उरली आहेत. 'ओजिब्वेंना जमतं, मग यांना का नाही' असं म्हणण्याआधी हे माहीत हवं.

सुरुवात कुठून? ओजिब्वेसाठी मिनेसोटा विद्यापीठाचा 'ओजिब्वे पीपल्स डिक्शनरी' हा ऑनलाइन कोश उघडा. त्यात ज्येष्ठांच्या आवाजात शब्द ऐकता येतात. पण मिनिआपोलिसमध्ये राहत असाल तर आधी डकोटा घ्या, असं माझं ठाम मत. ती भूमी डकोटांची. तिथल्या कॅलहून तलावाला 2018मध्ये राज्याने 'ब्दे माका स्का' हे डकोटा नाव परत दिलं. 'ब्दे' म्हणजे तलाव. पहिला शब्द झाला.