मोठा जनरेटर लावला तरी बॅटरी हळूच का भरते?

मोटरहोममधल्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीतल्या, दिवे-पंखे-फ्रिजच्या बॅटऱ्या लवकर भरायच्या असतील तर मोठा जनरेटर घ्यावा, हा समज फार पक्का आहे. तसा तो आणला की आवाज वाढतो, पेट्रोलचा खर्च वाढतो, आणि बॅटरी पूर्वीच्याच चालीने भरत राहते. बॅटरीत किती करंट जायचा हे जनरेटर ठरवतच नाही. आधी चार्जर ठरवतो, मग खुद्द बॅटरी.

चार्जरचं चटकन उरकतो. अनेक छोट्या जनरेटरवर १२ व्होल्टचं सॉकेट असतं. त्यातून साधारण ८ अँपिअर मिळतात. २०० अँपिअर-तासांची (म्हणजे २०० अँपिअर एक तास देईल इतक्या साठ्याची) नेहमीची शिसे-आम्ल बॅटरी निम्मी रिकामी असेल तर ती भरायला साडेबारा तास लागतील, तेही काहीच वाया जात नाही असं धरून. त्याऐवजी एसी सॉकेटवर ५० अँपिअरचा, टप्प्याटप्प्याने भरणारा चार्जर लावला तर ५० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर यायला सव्वा तास पुरतो.

मग मात्र घोडं अडतं. उरलेल्या २० टक्क्यांना तीन-चार तास सहज लागतात. मला या बॅटरीतला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो.

शिसे-आम्ल बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केली. मूळ रसायन आजही तेच आहे. बॅटरी वापरली की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेटचे स्फटिक जमतात. चार्ज करताना त्यांचं एका पट्टीवर शिसं आणि दुसऱ्या पट्टीवर लेड डायऑक्साइड व्हायला हवं. पण घन स्फटिकाचं थेट काही होत नाही, त्याला आधी आम्लात विरघळावं लागतं. आणि लेड सल्फेट जेमतेम विरघळतं! सुरुवातीला बारीक स्फटिक भरपूर असतात, पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे शिशाचे आयन पुरेसे मिळतात. बारीक संपून जाडे उरले की पुरवठा आटतो. त्यात पट्टी सच्छिद्र. तिच्या छिद्रांत नव्याने तयार झालेलं आम्ल दाट असतं, ते बाहेर पसरायला वेळ लागतो, आणि तोवर त्या दाटपणामुळे व्होल्टेज चढलेलं दिसतं. १४.४ व्होल्टची मर्यादा गाठली म्हणून चार्जर तिथे थांबून ते व्होल्टेज धरून ठेवतो आणि करंट उतरत जातो. तरीही जबरदस्तीने करंट ढकलला तर तो पाण्याचं विघटन करण्यात खर्च होतो. हायड्रोजन सुटतो, बॅटरी तापते, साठा वाढत नाही. बॅटरीला ‘संजीवनी’ देणाऱ्या पुड्या आणि द्रावणं विकणाऱ्यांना यावर उत्तर विचारून पाहावं.

वेग खरोखर वाढतो तो जाड आणि आखूड वायरींनी. वायरीचा रोध फक्त ०.०१ ओहम असला तरी ५० अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच पडतो. चार्जरला १४.४ दिसतात, बॅटरीला १३.९ मिळतात, आणि करंट वेळेआधीच उतरू लागतो.

दुसरी गोष्ट पॉवर फॅक्टरची, म्हणजे जनरेटरवर पडणाऱ्या भारापैकी (व्होल्ट-अँपिअर) किती हिस्सा खरी कामाची वीज (वॉट) असतो त्याची. ५० अँपिअर गुणिले १४.४ म्हणजे ७२० वॉट. चार्जरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर जनरेटरकडून सुमारे ८५० वॉट हवेत. पण साध्या चार्जरचा पॉवर फॅक्टर ०.६५ च्या आसपास असला तर मागणी १३०० व्होल्ट-अँपिअरवर जाते आणि १००० व्होल्ट-अँपिअरचा जनरेटर बंद पडतो. पॉवर फॅक्टर सुधारलेला चार्जर त्याच जनरेटरवर निमूट चालतो.

म्हणून जनरेटर सकाळी, बॅटरी रिकामी असताना चालवावा आणि ८० टक्क्यांना बंद करावा. धूर आत येणार नाही अशा जागी, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वरचे २० टक्के सौर पॅनेलवर सोडावेत, त्याला दिवसभर वेळ असतो. अधूनमधून बॅटरी शंभर टक्के भरलीच पाहिजे, नाहीतर ते जाडे स्फटिक कायमचे घर करतात.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत हा विरघळण्याचा टप्पाच नाही. २०० अँपिअर-तासांची बॅटरी साधारणपणे १०० अँपिअर जवळजवळ शेवटपर्यंत घेते. तिथे मोठ्या चार्जरचा आणि त्याला पुरेल अशा जनरेटरचा पैसा वसूल होतो. फक्त शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये: लिथियम ऋण पट्टीवरच्या ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी वरच धातू म्हणून साचतो, आणि ती क्षमता परत मिळत नाही.