शेरीफ (अमेरिकेतील काउंटी)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत काउंटी या स्थानिक विभागासाठी मतदारांनी निवडून दिलेला कायदा-सुव्यवस्था अधिकारी. काउंटीचा तुरुंग चालवणे, न्यायालयाचे हुकूम बजावणे, न्यायालयाच्या इमारतीत बंदोबस्त ठेवणे आणि ज्या भागाला स्वतःचे शहर-पोलीस नाहीत तेथे गस्त व तपास करणे ही त्याची मुख्य कामे. काउंटी साधारण आपल्या जिल्ह्यासारखी असली, तरी शेरीफ म्हणजे जिल्हा पोलीस अधीक्षक नव्हे. अधीक्षकाची नेमणूक होते, बदली होते. तुरुंग आणि कोर्टाचे बेलिफ त्याच्या हाताखाली नसतात. शेरीफ मतपेटीतून येतो, त्याची बदली होत नाही, आणि पोलीस, तुरुंग व कोर्ट ही तिन्ही कामे सहसा त्याच्या एकट्याच्या कार्यालयात असतात. देशात असे सुमारे ३,००० शेरीफ आहेत.

हे पद पोलिसांपेक्षा कित्येक शतकांनी जुने आहे, आणि त्याचे बरेचसे विचित्रपण त्यातून आले आहे. नॉर्मनपूर्व इंग्लंडमध्ये 'शायर' म्हणजे परगणा आणि 'रीव्ह' म्हणजे राजाचा कारभारी. शायर-रीव्हचे शेरीफ झाले. तो सारा वसूल करी, गुन्हेगारांना धरी, कैद्यांना सांभाळी. लोक त्याला किती वैतागले होते हे १२१५ च्या मॅग्ना कार्टात दिसते. शेरीफने राजाच्या अखत्यारीतले खटले चालवू नयेत, संमतीवाचून कोणाचे घोडे व गाड्या नेऊ नयेत, अशी कलमेच त्यात घालावी लागली. व्हर्जिनिया वसाहतीत १६३४ मध्ये आठ शायर आखले गेले तेव्हा हे पद अमेरिकेत पोचले. सुरुवातीला गव्हर्नर नेमणूक करी. एकोणिसाव्या शतकात राज्याराज्यांत हे पद निवडणुकीचे झाले. फाशीची अंमलबजावणीही तेव्हा शेरीफकडेच असे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले ग्रोव्हर क्लीव्हलंड १८७१ ते १८७३ या काळात न्यू यॉर्क राज्यातील ईरी काउंटीचे शेरीफ होते आणि दोन कैद्यांच्या फाशीची कळ त्यांनी स्वतः ओढली.

चित्रपटांतला शेरीफ घोड्यावर असतो. प्रत्यक्षातल्या शेरीफचा पैसा, माणसे आणि झोप खातो तो तुरुंग. अमेरिकेत शिक्षा भोगण्याचे मोठे तुरुंग राज्याचे किंवा संघराज्याचे असतात. काउंटीच्या तुरुंगात मुख्यतः कच्चे कैदी आणि साधारण वर्षभरापर्यंतची शिक्षा झालेले लोक असतात. तिथल्या दर तिघांपैकी सुमारे दोघांचा गुन्हा अद्याप शाबित झालेला नसतो. अनेक जण केवळ जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत असतात. मनोरुग्ण, व्यसनी, बेघर, ज्यांना दुसरीकडे कुठेच थारा नाही ते शेवटी इथे येतात. शिकागोचा तुरुंग कुक काउंटीच्या शेरीफकडे आहे. तेथे २०१५ मध्ये तुरुंगाच्या प्रमुखपदी एका मानसशास्त्रज्ञ स्त्रीची नेमणूक झाली, ती काही योगायोगाने नव्हे.

कैद्यांच्या जेवणाचा अलाबामा राज्यातला किस्सा या पदाचे जुने हाड उघडे करतो. तेथे १९३९ च्या कायद्याचा आधार घेऊन, राज्याकडून मिळालेल्या भोजन-भत्त्यातून उरलेली रक्कम शेरीफ स्वतःच्या खिशात घालत. दर कैद्यामागे भत्ता दिवसाला १ डॉलर ७५ सेंट! तरीही मॉर्गन काउंटीच्या शेरीफने तीन वर्षांत २ लाखांहून अधिक डॉलर वाचवले. स्वस्तात मिळालेले ट्रकभर कॉर्न डॉग, म्हणजे मक्याच्या पिठात तळलेले सॉसेज, कैद्यांना आठवडेच्या आठवडे खाऊ घातले गेले. २००९ मध्ये संघ न्यायाधीशाने या शेरीफलाच कोठडीत धाडले. कायदा बदलायला मात्र २०१९ उजाडले. शेरीफ हा एकेकाळी पगारावर नव्हे तर फी आणि वाट्यावर जगणारा वतनदार होता, हे लक्षात घेतले की असली तरतूद इतकी टिकली कशी, याचे नवल कमी होते.

दुसरे काम कागदांचे. समन्स बजावणे, दिवाणी हुकूमनाम्याची अंमलबजावणी, जप्ती, लिलाव, घराचा ताबा देणे. आपल्याकडे दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत, बेलिफ जे करतो ते सारे. कर्ज थकलेल्या घराचा लिलाव अनेक राज्यांत 'शेरीफ सेल' या नावानेच होतो. भाडेकरूला घराबाहेर काढायला येणारा माणूस बहुधा शेरीफचा डेप्युटी, म्हणजे हाताखालचा अधिकारी, असतो. न्यायालयाचा हुकूम आला की त्याला फारसा विवेक वापरता येत नाही, असे कायदा मानतो. तरी ऑक्टोबर २००८ मध्ये, गृहकर्जाच्या संकटात, कुक काउंटीचे शेरीफ टॉम डार्ट यांनी जप्त घरांतून लोकांना बाहेर काढणे काही काळ थांबवले. भाडे नियमित भरणारे, मालकाच्या थकबाकीची गंधवार्ता नसलेले भाडेकरू रस्त्यावर येत होते, हे त्यांचे कारण होते.

मुंबईकरांना हे पद अगदीच परके नाही. ब्रिटिशांनी आणलेला शेरीफ येथे 'नगरपाल' म्हणून उरला. पद मानाचे आणि वर्षभराचे; भाऊ दाजी लाड १८६९ व १८७१ असे दोनदा या पदावर होते, अलीकडच्या काळात दिलीपकुमार आणि सुनील गावसकर. नगरपाल कोणाला पकडत नाही. पण त्याचे कार्यालय उच्च न्यायालयाचे हुकूम बजावते, न्यायालयाने अडकवलेली जहाजे ताब्यात घेऊन विकते. मूळ एकच, मुंबईत कोर्टाचा हात तेवढा राहिला, अमेरिकेत त्याच हाताखाली तुरुंग आणि बंदूक दोन्ही वाढत गेले.

गस्तीचे काम राज्यागणिक बदलते. पेनसिल्व्हेनियात शेरीफ मुख्यतः न्यायालयापुरता. दक्षिणेत आणि पश्चिमेत तो पूर्ण पोलीस दल चालवतो. शहराच्या हद्दीबाहेरच्या वस्तीतून आणीबाणीचा फोन लावला तर सहसा त्याचीच गाडी येते. कॉलोराडोत शहराबाहेरचे वणवेही त्याच्या जबाबदारीत येतात, लुइझियानात तो कर गोळा करतो, डोंगरात हरवलेल्यांचा शोध घेणारी स्वयंसेवक पथके पश्चिमेतील अनेक राज्यांत त्याच्या देखरेखीखाली असतात. लेकवुड या कॅलिफोर्नियातल्या नव्या शहराने १९५४ मध्ये स्वतःचे पोलीस दल न उभारता पैसे मोजून काउंटीच्या शेरीफची सेवा घेतली. तो कित्ता पुढे अनेक शहरांनी गिरवला. सुमारे १ कोटी वस्तीच्या लॉस एंजेलिस काउंटीचे शेरीफ खाते देशातले सर्वांत मोठे आहे. उलट ग्रामीण काउंटीत शेरीफ आणि मोजके डेप्युटी, एवढाच कारभार असू शकतो.

शेरीफची मुदत बहुतेक ठिकाणी चार वर्षे, न्यू हॅम्पशरमध्ये दोन, मॅसॅच्युसेट्समध्ये सहा. निवडणूक अनेकदा पक्षाच्या चिन्हावर होते. तो मतदारांना उत्तरदायी आहे, हे या पदाचे सर्वांत मोठे समर्थन. पण मतदार कोण, हा प्रश्न त्यातच दडलेला आहे. अलाबामातल्या सेल्मा येथे १९६५ मध्ये मतनोंदणीसाठी आलेल्या कृष्णवर्णीयांना शेरीफ जिम क्लार्क यांची माणसे दंडुक्याने झोडपत होती. त्याच वर्षी मताधिकाराचा कायदा झाला आणि १९६६ च्या निवडणुकीत क्लार्क पडले. त्याआधी तेथील अर्ध्याहून अधिक लोकसंख्येला त्यांना पाडण्याची सोयच नव्हती.

निवडून आलेल्या शेरीफला मध्येच दूर करणे बहुतेक राज्यांत अवघड असते. फ्लोरिडात गव्हर्नर त्याला निलंबित करू शकतो. लॉस एंजेलिस काउंटीच्या मतदारांनी २०२२ मध्ये काउंटीचा कारभार पाहणाऱ्या पर्यवेक्षक मंडळाला चार-पंचमांश मतांनी शेरीफ हटवण्याचा अधिकार दिला. तेथील माजी शेरीफ ली बाका यांना तुरुंगातील मारहाणीच्या चौकशीत अडथळा आणल्याबद्दल २०१७ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली होती. दुसऱ्या टोकाला, आपल्या काउंटीत शेरीफच सर्वोच्च, संघराज्याचा कायदा पटला नाही तर तो अडवू शकतो, असे मानणारी एक चळवळ आहे. तिचे अग्रणी रिचर्ड मॅक हे पिस्तूल-खरेदीदारांच्या तपासणीची सक्ती सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द करून घेणाऱ्या दोन शेरीफांपैकी एक (१९९७). मात्र केंद्राने राज्यांच्या अधिकाऱ्यांना राबवून घेऊ नये, एवढेच तो निकाल म्हणतो; त्यावरून सर्वोच्चतेचा दावा करणे म्हणजे बोट दिल्यावर हात धरणे होय. अमेरिकेच्या राज्यघटनेत शेरीफ हा शब्दच नाही. तो असतो तो अनेक राज्यांच्या घटनांत.

कनेक्टिकटने २००० मध्ये मतदानाने काउंटी शेरीफ हे पदच रद्द केले. फ्लोरिडातील मायामी-डेड काउंटीत १९६६ पासून निवडून आलेला शेरीफ नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये तो पुन्हा आला.

शेरीफवरच वॉरंट निघाले तर ते बजावायचे कोणी, याचीही जुनी सोय काही ठिकाणी शिल्लक आहे. इंडियाना राज्यात ते काम कॉरोनरचे, म्हणजे एरवी संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचे.