शाश्वत विकास ध्येये आणि कंपनी-धोरण

भांडवल कशात गुंतवायचे, कच्चा माल कोणाकडून घ्यायचा, वेतन किती द्यायचे, पाणी व वीज किती वापरायची हे ठरवताना संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकास ध्येये निकष म्हणून धरण्याची व्यवस्थापन-पद्धती. आमसभेने २५ सप्टेंबर २०१५ रोजी स्वीकारलेल्या या कार्यक्रमात दारिद्र्य-निर्मूलनापासून हवामान-रक्षणापर्यंतची १७ ध्येये व त्यांखालील १६९ लक्ष्ये असून त्यांची मुदत २०३० पर्यंत आहे. त्यांची जबाबदारी राष्ट्रांवर आहे. कंपन्यांवर ती बंधनकारक नाहीत. मोठ्या व बहुराष्ट्रीय कंपन्यांना शाश्वत पद्धती अंगीकारण्यास आणि त्यांची माहिती अहवालात देण्यास प्रोत्साहन द्यावे, एवढेच बाराव्या ध्येयाखालील लक्ष्य १२.६ सांगते.

विचाराच्या उगमाबाबत एकमत नाही. भारतीय लेखनात त्याची नाळ बहुधा धनिकाने संपत्ती समाजाची ठेव म्हणून सांभाळावी या महात्मा गांधींच्या विश्वस्त-संकल्पनेशी जोडली जाते. अमेरिकी व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक मात्र अर्थतज्ज्ञ हॉवर्ड बोवेन यांच्या १९५३ मधील ग्रंथाकडे बोट दाखवतात. तिसऱ्या मतानुसार ही परंपरा पर्यावरण व विकास यांवरील संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलांड आयोगाच्या १९८७ च्या अहवालापासून सुरू होते आणि संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस कोफी अन्नान यांनी १९९९ मध्ये दाव्होस येथे सुचवलेल्या, जुलै २००० मध्ये सुरू झालेल्या ‘ग्लोबल कॉम्पॅक्ट’ या कंपन्यांसाठीच्या ऐच्छिक उपक्रमातून कंपन्यांपर्यंत पोहोचते. हे मत अधिक ग्राह्य वाटते. गांधींचा प्रश्न संपत्तीच्या मालकीचा होता, बोवेन यांचा व्यावसायिकाच्या सामाजिक कर्तव्याचा. मुदत घातलेली, आकड्यांत मोजता येणारी लक्ष्ये हे आजच्या पद्धतीचे वैशिष्ट्य या दोहोंत आढळत नाही. मात्र भारतीय उद्योगांनी ही भाषा सहज आपलीशी केली, त्यामागे विश्वस्त-विचाराचा संस्कार असावा.

कार्यपद्धतीचा सर्वपरिचित आराखडा म्हणजे २०१५ मधील ‘एसडीजी कंपास’ (एसडीजी म्हणजे शाश्वत विकास ध्येये). ध्येये समजून घेणे, प्राधान्य ठरवणे, लक्ष्ये निश्चित करणे, कामकाजात मुरवणे व अहवाल देणे असे त्याचे पाच टप्पे आहेत. यांपैकी चौथा खरा कसोटीचा. मुंबईस्थित महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने २०१६ मध्ये कार्बन उत्सर्जनावर टनामागे १० डॉलर असा अंतर्गत, म्हणजे स्वतःच्याच हिशेबात धरायचा, दर जाहीर केला. असा दर लावला की उत्सर्जन हा खर्च ठरतो आणि जास्त इंधन खाणारे यंत्र खरेदीच्या हिशेबातच महाग दिसू लागते. ध्येय धोरणात उतरते ते अशा ठिकाणी. वार्षिक अहवालात ध्येयांच्या १७ रंगीत चौकटी छापल्याने नव्हे.

भारतात या पद्धतीची गल्लत अनेकदा सीएसआरशी, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाशी, होते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी लागते. पण नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेली कामे या खर्चात धरता येत नाहीत. म्हणजे शाळेला वर्गखोली बांधून देणे सीएसआरमध्ये बसते, स्वतःच्या कारखान्याचे सांडपाणी शुद्ध करणे बसत नाही; ध्येयांच्या दृष्टीने मात्र दुसऱ्या कामाला टाळता येत नाही.

भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबीने २०१२ मध्ये शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्यांना उत्तरदायित्व अहवाल सक्तीचा केला. त्याची जागा घेणारा ‘बीआरएसआर’ (व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल) हा विस्तृत नमुना २०२२-२३ पासून अशा पहिल्या १,००० कंपन्यांना लागू झाला. पाणी भूजलातून किती, नदी-तलावातून किती, हे त्यात किलोलिटरमध्ये भरावे लागते; पुरुष व स्त्री कर्मचाऱ्यांच्या मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यास मधोमध येणाऱ्या) वेतनाचा आकडाही द्यावा लागतो. स्वतःच्या चिमणीबाहेरचे, म्हणजे पुरवठादारांपासून ग्राहकांपर्यंतचे उत्सर्जन मात्र ऐच्छिक रकान्यांत आहे, आणि अनेक उद्योगांत उत्सर्जनाचा मोठा वाटा तेथेच असतो. ही त्रुटी गंभीर आहे.

चाकण, वाळूज येथील सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योगांवर या अहवालाची थेट सक्ती नाही. मोठ्या खरेदीदाराकडून वीज, पाणी व कचऱ्याची माहिती मागणारी प्रश्नावली हाच त्यांचा या ध्येयांशी येणारा मुख्य संबंध होय.