मोंगोडीबी की कॅसँड्रा? केळीच्या हिशोबावरून ठरवू

मोंगोडीबी आणि कॅसँड्रा हे दोन्ही डेटाबेस 'नोएसक्यूएल' (पारंपरिक एसक्यूएल डेटाबेसहून वेगळे) म्हणून एकाच रांगेत बसवले जातात आणि निवड चुकते ती तिथेच. रावेर-सावद्याच्या केळी बागायतदारांसाठी अ‍ॅप करायचं आहे असं धरू. त्यात माहिती दोन प्रकारची: कापणीचे सौदे आणि ठिबकवरच्या बागेतल्या ओलाव्याच्या सेन्सरच्या नोंदी.

सौदे एकसारखे नसतात. एकात आगाऊ रक्कम असते, दुसऱ्यात गाडीभाडं व्यापाऱ्याकडे, तिसऱ्यात निर्यातीची खोकी. शिवाय उद्या कोणीतरी विचारणारच, 'गेल्या महिन्यात या व्यापाऱ्याने कुठल्या गावातून काय भावाने माल उचलला?' इथे मोंगोडीबी घ्या. प्रत्येक सौदा एक डॉक्युमेंट (हवी ती फील्ड असलेली स्वतंत्र नोंद), आणि नवा प्रश्न आला की त्या फील्डवर इंडेक्स (चटकन शोधायची सूची). मात्र सेन्सरच्या नोंदी बागेच्या डॉक्युमेंटमधल्या अ‍ॅरेत ढकलत राहू नका. डॉक्युमेंटची मर्यादा 16 एमबी आहे, आणि तिथे पोहोचण्याआधीच अपडेट जड होऊ लागतात.

सेन्सरचं गणित वेगळं. दर 5 मिनिटांनी एक म्हणजे दिवसाला 288 नोंदी. 2,000 सेन्सर असले तर रोज 5,76,000. लिहिणं अखंड चालू, प्रश्न मात्र ठरलेला: या सेन्सरच्या अमुक काळातल्या नोंदी द्या. हे कॅसँड्राचं काम. तिथे आधी प्रश्न लिहायचा, मग त्याच्यासाठी टेबल.

सगळी मेख पार्टिशन कीमध्ये आहे, म्हणजे नोंद कुठल्या गटात (पार्टिशनमध्ये) आणि कुठल्या नोडवर (मशीनवर) जाईल हे ठरवणाऱ्या कॉलममध्ये. नुसती तारीख ठेवली तर त्या दिवसाचं सगळं लिखाण एकाच पार्टिशनवर, म्हणजे त्याच मोजक्या नोडवर आदळतं. नुसता सेन्सर क्रमांक ठेवला तर पार्टिशन वर्षानुवर्षं फुगतच जातं. ते 100 एमबीच्या आत राहिलेलं बरं. म्हणून सेन्सर क्रमांक आणि महिना मिळून की करा, वेळ क्लस्टरिंग कॉलम (पार्टिशनच्या आतला क्रम ठरवणारा). एका पार्टिशनमध्ये साधारण 8,640 नोंदी येतील. चाचणीत 'अलाऊ फिल्टरिंग' (कीशिवाय नोंदी चाळून शोधायची परवानगी) लावावं लागलं, तर टेबल चुकलं आहे असं समजा.

जुन्या नोंदी एकेक करून डिलीट करू नका. प्रत्येक डिलीट टूम्बस्टोन (डिलीट झाल्याची खूण) मागे ठेवतं, ते मूळ सेटिंगप्रमाणे किमान 10 दिवस राहतं आणि वाचन मंदावतं. 90 दिवसांनी नोंद जायला हवी असेल तर टेबलला 77,76,000 सेकंदांचा टीटीएल (नोंदीचं आयुष्य) आणि टाइम विंडो कॉम्पॅक्शन (काळाच्या टप्प्यांनुसार फाइली एकत्र करायची पद्धत) द्या.

कॅसँड्राला निदान तीन नोड हवेत: रेप्लिकेशन 3 (प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती) आणि क्वोरम (त्यातल्या बहुसंख्य प्रतींचा होकार) म्हटलं की एक बंद पडला तरी काम चालतं. तेवढी मशीनं आणि ती सांभाळणारा माणूस नसेल, सेन्सरही शेकड्यातच असतील, तर मोंगोडीबी 5.0 पासून आलेलं टाइम सिरीज कलेक्शन (वेळेनुसार येणाऱ्या नोंदींसाठीचा खास साठा) वापरा आणि दोन्ही कामं तिथेच ठेवा.