रामटेक ते रिद्धपूर: ओट्यांच्या वाटेची पार्श्वभूमी

नागपूरकर रामटेकला जातात ते बहुधा सकाळी निघून संध्याकाळी परत यायच्या बेताने. महानुभाव पंथातल्या घरांमधली यात्रा मात्र तिथे संपत नाही. गाडी उलट दिशेला वळते आणि काटोल, वरूड, मोर्शी अशी संत्र्यांच्या बागांमधून साळबर्डी आणि रिद्धपूरला जाते. ही गावे एका सुतात ओवली गेली तेराव्या शतकात.

परंपरा सांगते की, भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव रामटेकच्या यात्रेला म्हणून घरून निघाला. वाटेत रिद्धपुरात त्याला पुढे गुरू ठरलेले गोविंदप्रभू भेटले आणि त्याचे आयुष्यच पालटले. हा हरिपाळदेव म्हणजेच पुढे महानुभाव पंथाची स्थापना करणारे चक्रधरस्वामी. साळबर्डीच्या डोंगरात त्यांनी बारा वर्षे काढली, असे पंथात मानतात. रामटेकच्या टेकडीवरचे भोगराम मंदिर आजही महानुभावांकडे आहे.

या वाटेवर भव्य शिखरे शोधू नका. इथे पाहायचा तो ओटा. स्वामी जिथे बसले, जेवले, निजले, ती जागा गुडघ्याएवढ्या ओट्याने राखलेली असते. माणसे ‘दंडवत’ म्हणत येतात, ओट्यावर डोके टेकवतात, विडा वाहतात. जागांची ही आठवण शिष्यांनी नुसती तोंडी ठेवली नाही. ‘स्थानपोथी’त कोणते स्थान कोणत्या देवळाच्या कोणत्या दिशेला, हे नोंदवून ठेवले आहे. वाटाड्याच्या हातात द्यावी अशी ही पोथी मराठीत आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

रिद्धपुरात मात्र सवडीने थांबावे. चक्रधरांच्या पश्चात त्यांची शिष्यमंडळी गोविंदप्रभूंच्या आसऱ्याला इथेच आली. त्यांच्यातल्या म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याच तोंडून विचारून, स्वामींच्या आठवणी गोळा केल्या. त्यातून १२७८च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ. गोविंदप्रभूंनी आपले लग्न मांडण्याचा हट्ट धरला तेव्हा चक्रधरांची शिष्या महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे, म्हणजे लग्नगीते, गायिले, तेही याच गावात. आद्य मराठी कवयित्री म्हणून आपण तिलाच ओळखतो.

हे सगळे मराठीतच का झाले? पंथातले पंडित केशोबास संस्कृतात लिहू लागले, तेव्हा चक्रधरांनंतर पंथाची धुरा वाहणाऱ्या नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. संस्कृतात लिहिले तर आपल्या म्हाताऱ्याकोताऱ्या नागवल्या जातील, ही त्यांची काळजी होती. देवगिरीच्या यादवांच्या राज्यात पंडितांचा मान संस्कृतात होता, तेव्हाची ही गोष्ट. मला तरी या सगळ्या इतिहासात याहून मोठा निर्णय दिसत नाही.

पुढे पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये गेल्या आणि पंथाबाहेरच्यांना कैक शतके वाचता आल्या नाहीत. विसाव्या शतकात इतिहासाचार्य राजवाड्यांनी ही लिपी उकलली. त्यानंतर या वाङ्मयासाठी आयुष्य वेचले ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांनी. त्यांनी संपादलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली छापून आले.

आता रिद्धपुरातच मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. ते पाहून परतताना वाजेश्वरी या स्थानाला जरूर जा. म्हाइंभट लिहायला बसले ते तिथेच, असे गावातले लोक सांगतात.